हाताला बसेल तेच पिस्तूल: नाशिकमधल्या नव्या नेमबाजांसाठी

पिस्तूल नेमबाजी शिकायची ठरली की पहिला प्रश्न असतो, "कुठलं घेऊ?" पहिले तीन महिने कुठलंच घेऊ नका. क्लबचं पिस्तूल वापरा आणि तेवढ्या काळात आपला हात, डोळा आणि खांदा ओळखून घ्या. जाहिरात बघून किंवा मित्राच्या शब्दावर घेतलेलं लाखाच्या पुढचं पिस्तूल ग्रिप हाताला बसत नाही म्हणून कपाटात पडून राहतं, आणि मग ते निम्म्या किमतीत विकायची वेळ येते.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, पण त्याची नेमबाजी घडली ती नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. त्यामुळे आपल्याकडे या खेळाचं नाव घराघरात पोचलं आहे. मात्र तो रायफलवाला. रायफलला जाड जॅकेट, पँट, खास बूट असा संसार लागतो, तो खर्च पिस्तुलात नाही. अंगावर साधा टी-शर्ट, पायात सपाट तळाचे बूट आणि हातात पिस्तूल एवढ्यावर भागतं. त्याच स्पर्धेत मनू भाकरने दोन कांस्यं मिळवली, ती १० मीटर एअर पिस्तुलात. नवशिक्याने सुरुवात करायची ती याच प्रकारापासून, आणि या लेखातलं बहुतेक सगळं त्याच्याबद्दलच आहे.

कायदा आधी समजून घ्या

४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ बोअरचं आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेचं एअर पिस्तूल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद ठेवतो, आणि ती त्याने ठेवलीच पाहिजे. स्पर्धेच्या पिस्तुलातून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे-एकशे साठ मीटरने निघतो. म्हणजे ऊर्जा जेमतेम सहा जूल. पण सहा जूल डोळा घालवायला पुष्कळ झाले, म्हणून "हवेचंच तर आहे" हे वाक्य रेंजवर कुणी काढू नये.

खऱ्या गोळीचं पिस्तूल, मग ते स्पर्धेचं पॉइंट २२ असो की स्वसंरक्षणासाठीचं पॉइंट ३२, त्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. नाशिक शहर हद्दीत राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात. सिन्नर, निफाड, येवला, मालेगाव असे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. वय किमान २१ हवं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणजे 'एस-१' जोडावं लागतं, त्यामुळे अर्जाच्या आधी प्रशिक्षणाची सोय बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आणि सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस येते, तिची पोच जपून ठेवा. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं हा त्याच दुरुस्तीने वेगळा गुन्हा ठरवला आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावठी कट्ट्याबद्दल इथे काही लिहिण्यासारखं नाही. तो बेकायदा तर आहेच, शिवाय कधी हातातच फुटेल याचा नेम नसतो.

नऊ मिलिमीटर बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाही, हे माहीत नसल्याने बरेच जण इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ बघून चुकीचं स्वप्न रंगवतात. आपल्याकडे परवान्यावर प्रामुख्याने मिळतं ते सरकारी शस्त्र कारखान्यांचं पॉइंट ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. त्याबद्दल पुढे थोडं येईल.

हात आणि डोळा

पहिली तपासणी डोळ्याची. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा आणि त्या फटीतून लांबचा दिवा दोन्ही डोळ्यांनी बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने दिवा फटीतच राहतो तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हाताचा आणि उजव्या डोळ्याचा माणूस असेल तर प्रश्नच नाही. उजवा हात आणि डावा डोळा असं निघालं तरी घाबरायचं कारण नाही, कारण पिस्तुलाचा हात चेहऱ्यापासून लांब असतो आणि मान किंचित वळवली की काम होतं. लिहिता हात बदलू नका. नेम न धरणारा डोळा आवळून मिटण्याऐवजी त्याच्यापुढे अर्धपारदर्शक पट्टी लावा. नियमात तिची रुंदी ३० मिलिमीटरपर्यंत चालते. डोळा आवळून ठेवला की चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि वीस-पंचवीस शॉटनंतर नेम धरणारा डोळाही पाणावतो.

चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्म्याचा विचार वेगळा करावा. समोरची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते. लांबच्या नंबराने ती पुसट दिसते, वाचायच्या नंबराने टार्गेट नाहीसं होतं. दूरच्या नंबरात अर्धा ते पाऊण अधिक नंबर मिळवला की बहुतेकांचं जमतं. नेत्रतज्ज्ञाकडे ट्रायल लेन्स लावून, एक मीटरवर पेन धरून हे तपासून घ्या. प्रोग्रेसिव्ह काचा रेंजवर आणू नका. मान हलली की नंबर बदलतो.

दुसरी तपासणी खांद्याची. स्पर्धेचं पिस्तूल साधारण ८५० ग्रॅम ते एक किलो भरतं. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली तेवढ्याच वजनाची. ती सरळ हाताने खांद्याच्या उंचीवर दहा सेकंद धरा, अर्धा मिनिट विश्रांती घ्या, असं पंधरा वेळा करा. शेवटच्या दोन-तीन वेळेला खांदा वर चढू लागला, कोपर वाकू लागलं, तर वजनदार पिस्तूल अजून तुमच्यासाठी नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना तर हलकं, आखूड, 'कॉम्पॅक्ट' प्रकारातलंच द्यावं. "मोठा झाल्यावर उपयोगी पडेल" म्हणून मुलाच्या हातात जड पिस्तूल देणारे पालक त्याच्या खांद्याचं नुकसान करतात. मूल मग कंबर मागे झुकवून वजन तोलायला शिकतं आणि ती सवय पुढे वर्षभर सुटत नाही.

पिस्तूल निवडताना काय बघायचं

नियमांची चौकट अशी: १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा (म्हणजे तो सुटायला निदान एवढा जोर लागला पाहिजे), आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. दुकानातलं 'मॅच' पिस्तूल या चौकटीत असतंच. खरा फरक पुढच्या गोष्टींत आहे.

सगळ्यात महत्त्वाची ग्रिप. लाकडी शारीरिक ग्रिप छोटी, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हाताची वेगवेगळी येते. माप घेण्याची खरी रीत अशी: ग्रिप धरा, डोळे मिटा, हात टार्गेटच्या उंचीला न्या, एक श्वास सोडा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मध्यभागी आणि वरच्या कडा समपातळीत दिसल्या, तर ग्रिप बसली. दहापैकी सात-आठ वेळा असं व्हायला हवं. पुढची साइट दर वेळी खाचेच्या डावीकडेच दिसत असेल तर ग्रिप हातात फिरते आहे. दर वेळी वर दिसत असेल तर मनगटाचा आणि ग्रिपचा कोन जुळत नाही. चांगल्या पिस्तुलात हा कोन स्क्रूने थोडा बदलता येतो. मनगट मुरडून साइट जुळवायची सवय मात्र लावू नका. पहिल्या दहा शॉटना ते जमतं, चाळिसाव्या शॉटला मनगट मूळ जागी जातं आणि छर्रा सात गुणांच्या वर्तुळात बसतो.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला फाटा ग्रिपच्या वरच्या टोकाला घट्ट टेकला पाहिजे. खालची सरकती पट्टी, जिला पाम शेल्फ म्हणतात, तळहाताला हलकेच लागेल एवढीच वर आणा, एक-दोन मिलिमीटर मोकळीक ठेवून. आवळून बसवली की नाडीचे ठोके साइटवर दिसायला लागतात. तर्जनी लाकडाला कुठेही घासता कामा नये. ट्रिगरवर तिच्या पहिल्या पेराचा मध्य आला पाहिजे आणि दाब सरळ मागे गेला पाहिजे. ट्रिगर पुढे-मागे सरकवायची सोय असते ती यासाठीच.

ग्रिप थोडी सैल असेल तर आपल्याकडचा सोपा उपाय एम-सील किंवा लाकडाची पुट्टी. जिथे पोकळी आहे तिथे पातळ थर द्या, ओला असतानाच हातावर पातळ प्लास्टिक घालून ग्रिप धरा, ठसा उमटू द्या आणि रात्रभर वाळू द्या. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे काढा. एका वेळी एकाच जागी काम करा आणि मध्ये दोन दिवस सराव करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. हे सगळं स्वतःच्या ग्रिपवर करायचं, क्लबच्या नव्हे.

मग ट्रिगर. मॅच ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला मोकळा प्रवास, मग एक स्पष्ट भिंत, आणि भिंतीनंतर शॉट. एकूण ५०० ग्रॅमपैकी साडेतीनशे-चारशे पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसऱ्यात, अशी वाटणी नवशिक्याला सोयीची. भिंत नीट जाणवत नसेल तर कोचला सांगून बदलून घ्या. स्पर्धेत नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात आणि ट्रिगर सुटला तर पिस्तूल बाद होतं. म्हणून घरी ५२०-५३० ग्रॅमवर ठेवलेलं बरं. काठावरचा ट्रिगर तपासणीच्या रांगेतच घाम फोडतो.

प्रकार म्हणाल तर स्प्रिंगचं पिस्तूल स्वस्त, पण आतला पिस्टन पुढे धावत असल्याने छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच झटका बसतो. मौजेला ठीक, शिकायला नाही. शिवाय छर्ऱ्याशिवाय चालवलं की त्याचं सील खराब होतं, म्हणजे ड्राय फायरचा सराव बंद. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरचं पिस्तूल, म्हणजे पीसीपी, हाच आजचा रस्ता. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्डिनी ही नावं रेंजवर कानावर पडतील आणि भारतीय बनावटीत प्रीसिहोलचं. वरच्या पातळीवर या सगळ्यांच्या नळ्या तुमच्या-माझ्या हातापेक्षा कितीतरी अचूक असतात. त्यामुळे नाव बघून निवडण्यात अर्थ नाही. कुणाची ग्रिप हाताला बसते आणि कुणाचा स्पेअर पार्ट व दुरुस्तीवाला पुणे-मुंबईत मिळतो, या दोन प्रश्नांवर निर्णय घ्या. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर गुळगुळीत असतो, पण बॅटरी आणि सर्किट यांची जबाबदारी आली. २०२१ मध्ये तोक्योत पात्रता फेरीच्या मधोमध मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. पहिलं पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचंच घ्यावं असं आमचं मत.

जुनं घेताना चार गोष्टी. सिलिंडरवर कोरलेली उत्पादनाची तारीख बघा. या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात, त्यानंतरचं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि नव्याचा खर्च सौद्यात धरावा लागतो. सिलिंडर पूर्ण भरून, दाबमापकाचा काटा फोटोत टिपून रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आला असेल तर ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, गेली आहे. तीस-चाळीस शॉट मारून बघा, एखाद-दुसरा आवाजाने वेगळा वाटला तर रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, तपासायला लागेल. आणि मूळ बिल मागा. बिल नसलेलं पिस्तूल कितीही स्वस्त असलं तरी नको.

हवा आणि छर्रे

सिलिंडर साधारणपणे २०० बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरतात, त्यात दीडशे ते दोनशे शॉट निघतात. भरताना नळ हळू उघडा. भसकन भरलं की सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब खाली येतो. जोडणीला तेल किंवा ग्रीस लावू नका आणि ऑक्सिजनच्या बाटल्यातून चुकूनही भरू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा अंश पेट घेतो. एप्रिल-मे महिन्यात नाशिकची दुपार चाळिशीला टेकते. उन्हात उभ्या गाडीच्या आत पंचावन्न अंश झाले तर पंचवीस अंशाला भरलेले २०० बार २२० च्या घरात जातात. सिलिंडर गाडीत ठेवून मार्केटला जाऊ नका.

छर्रे सपाट तोंडाचे, ४.५ मिलिमीटरचे, पिस्तुलासाठी साधारण ०.४५ ते ०.४९ ग्रॅम वजनाचे घ्या. रायफलचे ०.५३ चे असतात. डब्यात पाचशे येतात. सुरुवातीला महागडे मॅच छर्रे घेण्यात पैसे घालू नका. तुमचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या सगळ्या छर्ऱ्यांचा मिळून पसारा, अजून पाच सेंटिमीटरचा असताना छर्ऱ्याचा फरक दिसतच नाही. पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि लाकडी ग्रिप पेटीत ओली ठेवू नका. सराव संपला की साबणाने हात धुऊन मगच चहा-वडापाव. शिसं पोटात जातं ते असंच.

रेंजवर पहिल्या दिवशी

सुरक्षा शिकायला अर्धा तास लागतो, तो अर्धा तास द्या. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. ट्रिगरवर बोट फक्त नेम धरल्यावर. पिस्तूल खाली ठेवलं की नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामं आहे हे लांबूनही दिसतं. रेषेपुढे कुणीही गेलं असेल तर पिस्तुलाला हात लावायचा नाही, साइट जुळवायलासुद्धा नाही. "स्टॉप" ऐकलं की भरलेला शॉटही मारायचा नाही, हात खाली.

पेटीतून पिस्तूल काढायचं ते रेंजवरच. सीबीएसवर बसची वाट बघताना मित्राला दाखवायला काढलं तर लांबून ते खऱ्यासारखंच दिसतं, आणि पुढचे दोन तास पोलीस चौकीत जातात.

उभं राहणं

पाय खांद्याएवढ्या अंतरावर, शरीर टार्गेटला जवळजवळ आडवं. मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवा, लोंबकळत ठेवला की शरीर हलतं. वजन दोन्ही पायांवर सारखं, मान सरळ.

आता डोळे मिटून हात टार्गेटकडे उचला आणि उघडा. पिस्तूल टार्गेटच्या उजवीकडे गेलं तर हात डावीकडे ढकलू नका, मागचा पाय थोडा हलवा आणि पुन्हा बघा. शरीराला जिथे आपोआप थांबावंसं वाटतं तिथे टार्गेट आलं पाहिजे. नवशिके हे दोन मिनिटांचं काम टाळतात आणि तासभर खांद्याच्या जोरावर पिस्तूल ओढत बसतात. आडवा पसरलेला ग्रुप दिसला की पहिला संशय पायांवर घ्यावा.

नेम म्हणजे नक्की काय

इथे थोडं गणित केलं की पुढचे सहा महिने सोपे जातात. टार्गेटचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं. पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटर रुंद. काळा भाग, म्हणजे सात ते दहा, ५९.५ मिलिमीटरचा.

समजा तुमचा हात डळमळला आणि अख्खं पिस्तूल, साइट जुळलेल्या अवस्थेत, एक सेंटिमीटर बाजूला सरकलं. छर्राही एक सेंटिमीटरच सरकेल. म्हणजे नऊ. पण पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर? दोन साइटमधलं अंतर धरा ३३ सेंटिमीटर. दहा मीटर त्याच्या तीसपट, म्हणून छर्रा तीन सेंटिमीटर बाजूला जातो. म्हणजे सात. एक सेंटिमीटरच्या डळमळाटाची किंमत एक गुण, एक मिलिमीटर साइट चुकण्याची तीन.

म्हणून नजर समोरच्या साइटवर ठेवायची, टार्गेटवर नाही. साइटची वरची कड धारदार दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंचा उजेड सारखा, आणि टार्गेट मात्र धूसर काळा गोळा. नेम काळ्याच्या मध्यावर धरायचाच नाही. काळ्यावर काळी साइट दिसत नाही. काळ्याच्या खाली पांढऱ्या जागेत साइट ठेवा आणि मध्ये पांढरी पट्टी सोडा. त्या भागात पिस्तूल हळू हलत राहणारच. ते थांबायची वाट बघू नका, थांबणार नाही. हालचाल मान्य करा आणि ट्रिगरचा दाब वाढवत राहा.

ट्रिगर हीच खरी विद्या. हात उचलताना पहिला टप्पा घ्या, भिंतीशी पोचा. श्वास घेत टार्गेटच्या वर जा, सोडत खाली उतरा, अर्धा श्वास सुटल्यावर थांबवा. साइट जुळली की दाब वाढवायला लागा, एकसारखा, न थांबता. शॉट पाच ते आठ सेकंदांत सुटला पाहिजे. दहा सेकंद झाले आणि सुटला नाही, तर हात खाली. इथेच सगळे चुकतात: "आता जुळलंय, मार" असं मनाने म्हटलं की बोट झटका देतं आणि झटक्याने आपण वर पाहिलेला तो एक मिलिमीटर जातो. शॉट सुटल्यावरही दोन सेकंद साइटकडे बघत राहा. तो शॉट कुठे गेला हे टार्गेटकडे न बघता सांगता यायला हवं.

पकड किती घट्ट? हातातल्या पक्ष्याला इजा होऊ नये पण तो उडूनही जाऊ नये, एवढी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या शॉटपासून साठाव्यापर्यंत ती सारखी राहिली पाहिजे. ट्रिगर दाबताना बाकीची बोटंही आवळली जातात ही सर्वांत मोठी खोड, आणि उजव्या हाताच्या माणसाचे छर्रे मग खाली-डावीकडे जमायला लागतात. उलट शॉटच्या क्षणी तळहाताने ढकललं तर वर-उजवीकडे. ग्रुप उभा ताणलेला असेल तर श्वास दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबतोय का ते बघा.

पहिल्या तीन महिन्यांचा सराव

पहिले दोन आठवडे छर्रा भरायचाच नाही. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून साइट जुळवायची आणि ड्राय फायर करायचं, रोज वीस ते चाळीस वेळा. पांढऱ्या भिंतीचा फायदा असा की डोळ्याला पळायला टार्गेटच नसतं. नजर साइटवरच राहते. शॉटच्या क्षणी साइट हलली की ती लगेच दिसते. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

मग टार्गेट उलटं लावा, कोरी बाजू पुढे. दहा शॉट मारा आणि ग्रुप किती सेंटिमीटरचा आला तेवढंच मोजा. गुण बघायचे नाहीत. ग्रुप सहा सेंटिमीटरच्या आत आला की काळी बाजू पुढे करा. साइटचे स्क्रू तोपर्यंत हलवू नका. ग्रुप पसरलेला असताना स्क्रू फिरवणं म्हणजे चूक लपवणं. ग्रुप लहान पण एका बाजूला असेल तेव्हा मागची साइट ज्या दिशेला छर्रा न्यायचा आहे त्या दिशेला सरकवा. एका शॉटवरून नव्हे, निदान पाचांच्या मध्यावरून.

आठवड्याला तीन-चार दिवस दीड तास पुरेसा. त्यात पंधरा मिनिटं ताण काढणं, वीस मिनिटं ड्राय फायर, मग चाळीस-पन्नास शॉट. रोज दोनशे शॉट मारणारे फक्त थकलेल्या हाताच्या सवयी पक्क्या करतात. वही ठेवा: तारीख, साइटची जागा, ग्रुप कुठे, कशामुळे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी निफाडकडची थंडी आली की बोटं बधिर होतात, ५०० ग्रॅमचा ट्रिगर जाणवतच नाही. हातमोजे घालून रेंजवर या, दहा मिनिटं बोटं गरम करा, किंवा दुपारची वेळ घ्या.

कोच बघताना एकच कसोटी लावा. तो तुमच्या टार्गेटकडे बघतो की तुमच्या बोटाकडे? टार्गेटकडे बघून "थोडं डावीकडे मार" सांगणारा टाळा.

पॉइंट २२ आणि पॉइंट ३२

२५ मीटरचं स्पर्धेचं पॉइंट २२ पिस्तूल हे एअर पिस्तुलात वर्षभर घालवल्यावरचं पाऊल. ट्रिगर किमान एक किलोचा, वजन १४०० ग्रॅमपर्यंत, पेटी ३०० बाय १५० बाय ५०. कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा लागतोच. पकड घट्ट हवी, कारण शॉटनंतर पिस्तूल स्वतःच पुढची गोळी भरतं आणि मनगट सैल असेल तर अडकतं. आपली राही सरनोबत याच प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आली.

स्वसंरक्षणासाठी पॉइंट ३२ घेणाऱ्यांनी रिव्हॉल्व्हर की पिस्तूल हे हाताच्या ताकदीवर ठरवावं. रिव्हॉल्व्हर साधं, अडकायची भीती कमी, पण घोडा न ओढता मारायचं तर ट्रिगर फार जड, बोटात जोर नसेल तर नळी खाली झुकते. पिस्तुलाची स्लाइड मागे ओढता येते का ते दुकानात रिकाम्या शस्त्रावर स्वतः करून बघा. ज्येष्ठांना ती बरेचदा जमत नाही. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक गोळी चेंबरमध्ये असू शकते. आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळ्याने आणि बोटाने चेंबर तपासा, याच क्रमाने. घरी शस्त्र कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात आणि किल्ली मुलांना माहीत नाही अशा जागी. शेतात झाडावर नेम धरून सराव करणं बेकायदा आहे. परवानगी असलेल्या रेंजवरच करा.

पहिली स्पर्धा

जिल्हा पातळीवरून सुरुवात होते, पुढे राज्य, मग विभाग आणि राष्ट्रीय. राज्य पातळीवरच्या स्पर्धांसाठी पुण्याचं बालेवाडी किंवा मुंबईतल्या वरळीची रेंज गाठावी लागते. सामना साठ शॉटचा. आधी पंधरा मिनिटं तयारीची आणि सरावाच्या शॉटची, मग इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सव्वा तास, कागदावर दीड तास. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. घाई नको, पण रेंगाळायलाही जागा नाही. शॉट न मारता हात खाली घेतला त्या वेळा धरून हात ऐंशी-शंभर वेळा उचलला जातो, तेवढी ताकद आधीच कमावलेली हवी.

पेटीत दोन भरलेले सिलिंडर, जादा ओ-रिंग, छर्ऱ्यांचे एकाच लॉटचे दोन डबे, अॅलन की, सेफ्टी फ्लॅग आणि संघटनेचं ओळखपत्र ठेवा. बुटांनी घोटा झाकलेला चालत नाही, तपासणीत तिथेच अडवतात. ओझरहून विमानाने जात असाल तर सिलिंडर रिकामे करा, पिस्तूल काउंटरवर जाहीर करा आणि उतरल्यावर हवा कुठे भरून मिळेल याची चौकशी नाशिक सोडण्याआधीच करून ठेवा.